आबा दरीच्या कडेला, मी चौसाळ्यात

मंडळी, आजचीच गोष्ट. आई-आबा ताईकडे अमेरिकेला गेलेत. तिनं त्यांना ग्रुप टूरबरोबर वाळवंटातल्या दऱ्या बघायला पाठवलंय.

संध्याकाळी इकडं गावी, चौसाळ्यात दुकानावर होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला; तिकडं नुकतं उजाडलं होतं. बघतो तर आबा कठडा ओलांडून दरीच्या अगदी कडेला!

"आबा, मागं सरका!" मी ओरडलो. गिऱ्हाईक दचकलं.

"लई खोल हाय रे, बघ तरी," म्हणत ते आणखी वाकले. मागून गाईड इंग्रजीत ओरडत होता. तेवढ्यात रेंज गेली. लावतोय, लावतोय, फोन लागेचना.

बऱ्याच वेळानं बसमधला फोटो आला. आबा मजेत हसतायत.

लहानपणी मी विहिरीत वाकलो की आबा पाठीत धपाटा घालायचे. आज माझा हात कुठवर पोचणार, सांगा?