केतकीबद्दल मी मामा नीमाला काय लिहिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुजाताला, माझ्या बायकोलाही नाही. एकदा सेम्बावांगच्या किनाऱ्यावर फिरताना अगदी ओठांवर आलं होतं. तिने विचारलं, "काय रे, थांबलास का?" मी म्हटलं, पायात गोळा आलाय. म्हणजे तिथेही खोटंच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अनोळखी; तुमच्यासमोर रोज जेवायला बसायचं नाहीये मला.

माझं कामच संशय घेण्याचं. हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात मी जहाजांच्या विम्याचे दावे तपासतो. माल खरंच भिजला, की मुद्दाम भिजवला? कागदांवरून ओळखायचं. ही सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून घरी येता येतं असं मला वाटायचं. नाही येत.

केतकी, माझी धाकटी, चोवीस वर्षांची. चांगली नोकरी सोडून टांझानियाला निघाली, एका तळ्याकाठच्या गावात, अनाथ मुलांच्या वसतिगृहात वर्षभर काम करायला. मी नाही म्हटलं नाही. समंजस बापाचा चेहरा करून चांगी विमानतळावर सोडायला गेलो. आणि घरी येऊन पहिलं काय केलं? त्या वसतिगृहाचं छप्पर उपग्रहाच्या नकाशावर शोधलं. नकाशात गंजलेलं, केतकीच्या फोटोत निळं. फोनवर विचारलं तर हसली, इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "नवीन घातलंय, बाबा. रिलॅक्स लाह."

हळूहळू ती तिथे रुळत गेली. पहिला आठवडा बेडकांच्या आवाजाने झोपली नाही. मग कळलं की बादलीभर पाण्यात केसांसकट अंघोळ होते. जन्मात पहिल्यांदा तिने हाताने चादर धुतली, तर एका सात वर्षांच्या मुलीने ती काढून घेतली आणि परत धुऊन दाखवली. मुलं तिला 'दादा' म्हणायची. तिकडे थोरल्या बहिणीला दादा म्हणतात आणि बाईमाणसाला मामा. वसतिगृह चालवणारी म्हणून मामा नीमा. एका व्हिडिओ कॉलला सगळी मुलं ओळीने येऊन आम्हाला वाकून नमस्कार करून गेली. सुजाता रडली. मी मात्र बघत होतो, की यांना आधी शिकवून उभं केलंय का? गेल्या फोटोतला गुलाबी स्वेटर आज दुसऱ्याच मुलीच्या अंगात कसा? ती मामा नीमा सतत मागे का घुटमळते?

"तुला सगळे चोरच दिसतात," सुजाता म्हणायची. मी आणखी शोधायचो. काही सापडत नव्हतं, आणि तेच मला जास्त खटकायचं.

मग एका रविवारी केतकी म्हणाली, "एक वर्ष कमी पडेल असं वाटतंय, बाबा." इतकी शांत, इतकी आनंदात. मला काय झालं त्या वेळी? मी काळजीत होतो, की ती माझ्याशिवाय सुखात आहे हे मला सोसेना? आज मला वाटतं, मला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात, मी मामा नीमाला मेल लिहिला. लिहिलं की केतकीचा बाप म्हणून एक गोष्ट लपवणं मला बरोबर वाटत नाही. तिला रागाचे झटके येतात. एका लहान मुलाला तिने मारलं होतं, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. कृपया माझं नाव तिला कळू देऊ नका.

माझ्या मुलीने आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. शाळेत असताना मेलेल्या पालीसाठीही रडली होती ती. पण कुठल्या वाक्याकडे समोरच्याला कानाडोळा करता येत नाही, हे मला चांगलं कळतं. पोट त्यावरच चालतं माझं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मामा नीमाने लिहिलं होतं: मला तिच्यात असं काही दिसलं नाही. मुलांना ती फार आवडते, मलाही. पण माझी मुलं आधीच मार खाऊन इथे आलेली आहेत, त्यांच्या बाबतीत मी धोका पत्करू शकत नाही. तिला परत पाठवावं लागेल; कारण मात्र राहण्याच्या परवान्याच्या अडचणीचं सांगेन. तुम्ही कळवलंत, उपकार झाले.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. लबाड बाई असती तर फुकट राबणारी मुलगी तिने ठेवून घेतली असती, नाही का? इतके दिवस शोधत होतो तो पुरावा माझ्यासमोर होता. बाई खरी होती. खोटा मी होतो. एक ओळ लिहायची होती फक्त, की मी खोटं बोललो. मी लिहिली नाही. केतकीच्या परतीच्या विमानाची वेळ तेवढी पाहून ठेवली.

चांगीहून येताना टॅक्सीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात मामा नीमा मला मुलांबरोबर एकटं सोडत नव्हत्या. कोणीतरी दाराशी उभं असायचंच. बाबा, मी मुलांशी विचित्र वागते का? खरं सांग."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "थकली आहेस तू."

त्याला आता तीन वर्षं झाली. ती परत नोकरी करते. मामा नीमाला तिने दोनदा लिहिलं. उत्तरं आली, पण अवघडलेली, दोन-दोन ओळींची. तिसऱ्यांदा तिने लिहिलं नाही.

माझा मुलगा पुंगोलला राहतो. त्याला सात महिन्यांचा मुलगा आहे. गेल्या रविवारी आम्ही सगळे तिकडे होतो. मुलगा, सून आणि सुजाता जेवण आणायला खाली हॉकर सेंटरला निघाले. सुनेने बाळाला केतकीच्या मांडीवर दिलं. मीही चपला घालत होतो.

"बाबा, तू थांब ना," केतकी म्हणाली. "मला एकटीला नको ठेवू याच्याजवळ."

सून हसली. तिला वाटलं, आत्या घाबरट आहे.

मी चपला काढल्या आणि दाराशी उभा राहिलो.