घारापुरीला नेलेलं तोरण

अंबरनाथच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मीच पहिली, बायकांत आणि पुरुषांतही. हे मी आजही सांगते, त्यात लाजायचं काही नाही. वडील बदलापूरला भात लावायचे, मी भूगोल शिकवायचे. पण आळीत मला ओळखत ते पदवीमुळे नव्हे, क्रोशाच्या सुईमुळे. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की रुखवतात मांडायची तोरणं, रुमाल, सुपारीच्या बाहुल्या, सगळं माझ्याकडे यायचं. "तुमच्या हाताला काय, खेळ आहे हो!" असं म्हणायचं आणि दोरा ठेवून निघून जायचं. मांडवात नवरी सांगणार, "हे मी केलं." लग्नसराई संपेपर्यंत माझ्या अंगठ्यापासून कोपरापर्यंत ठणका लागलेला असे.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्हा शिक्षिकांची घारापुरीची सहल ठरली, तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं. त्या दिवशी सुईला हात लावायचा नाही. लाँचमध्ये हात मांडीवर ठेवून बसायचं आणि समुद्र बघायचा. मुलांना समुद्र शिकवणारी मी, काठापलीकडे कधी गेले नव्हते.

लाँच अपोलो बंदरावरून सुटली आणि गणिताच्या बाई माझ्या शेजारी सरकल्या. त्यांच्या पिशवीतून लाल दोऱ्याचा गुंडा निघाला, सुई निघाली, अर्धं झालेलं तोरण निघालं.

"तुळशीचं लग्न झालं की लगेच भाचीचं आहे. बसल्या बसल्या चार ओळी घाला."

"अहो बाई, आज सहल आहे."

"म्हणून तर! एरवी तुम्हाला वेळ कुठे असतो?"

घेतलं हातात. एक ओळ जेमतेम झाली असेल, तोच लाँच कलली. मांडीवरचा गुंडा घरंगळला आणि कठड्याखालून थेट पाण्यात. तोरण माझ्या हातात, गुंडा समुद्रात, मधे लाल दोरा सरसर सुटत चाललेला.

"सोडा, सोडा!" एक ओरडली.

"सोडू नका, तोरण उसवेल!" गणिताच्या बाई उभ्याच राहिल्या.

मागून खलाशी म्हणाला, "धर गो बाय, मोठी सुरमई हाय!"

सगळी लाँच हसली. मीही हसले, पण दोरा मलाच ओढावा लागला. त्याच दुखऱ्या हातांनी.

गुंडा वर आला तो गुंतलेला, निथळत. गणिताच्या बाईंनी तो पदराला पुसून पाहिला. "सिंधी कॅम्पातला दुकानदार म्हणाला होता, 'बहेनजी, समुंदर में डालो तो भी रंग नहीं जाएगा.' बघा, खरंच गेला नाही!" मग त्या दुकानदाराचं कौतुक बेट येईपर्यंत चाललं. माझ्या मनगटाचं कुणी विचारलं नाही.

ओला दोरा सुईवर सरकत नाही. म्हटलं, सुटले. पण बेटावर तो खडकांवर वाळत घातला आणि बाई म्हणाल्या, "तुम्ही इथेच बसा हं, माकडं फार आहेत." बाकीच्या लेणी बघायला पायऱ्या चढून गेल्या. मी माकडं हाकलत दोरा राखला.

परतीच्या लाँचमध्ये तो दोरा मिठाने ताठ झाला होता. बाईंनी पुन्हा पुढे केला. "आता होतील ना चार ओळी?"

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी घालणार नाही. हात दुखतात माझे. तुम्ही घाला, मी सांगते."

"मला कुठे येतं?"

"मी काय आईच्या पोटातून शिकून आले?"

बाईंनी फणकाऱ्याने सुई घेतली. मी सांगत गेले, तीन साखळ्या, एक खांब, पुन्हा तीन साखळ्या. त्या दर वेळी चुकायच्या. समोरून शिवणाच्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, गणित शिकवतेस ना? तिनापर्यंत मोजता येईना?" यावर सुई धरलेल्या बाईही हसल्या.

सांगून सांगून घसा सुकला. एका ओळीत सगळी परतीची वाट संपली, आणि ओळही वाकडीच झाली. ती कशीही असली तरी मला तिच्याशी घेणं नव्हतं. माझे हात मांडीवर होते, आणि बंदर लागेपर्यंत मी समुद्र पाहिला.

लेणी मात्र मी अजून पाहिलेली नाहीत.