रातांबे फोडताना घेतलेली परीक्षा

१६ मे. दुपारची जेवणं आटोपून आम्ही तिघी मागच्या पडवीत रातांबे फोडायला बसलो होतो. फळ चिरायचं, बिया एका पातेल्यात टाकायच्या, सालं दुसऱ्यात. कोपरापर्यंत हात लाल. आमच्याकडे उतरणारे पर्यटक जाताना आमसुलं विकत नेतात, त्यामुळे मे महिन्यात या कामाला सुट्टी नाही.

तिघी म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ आणि सासूबाई. सासूबाईंनी उभी हयात रत्नागिरीतल्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्या तरी शिकवायची सवय सुटली नाही. घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, तेव्हापासून त्या आम्हा सुनांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या घालू लागल्या. हात कामात, तोंड परीक्षेत. जवळपास सारख्याच वाटणाऱ्या दोन शब्दांतला फरक सांगायचा आणि दोन्हींचं वाक्य करायचं. वाक्य घरातल्याच माणसांवर हवं आणि खरं हवं. पुस्तकी वाक्य चालत नसे. नमुना त्या स्वतः देत. चीप आणि इनएक्स्पेन्सिव्ह: धाकटीच्या आईने लग्नात नेसवलेली साडी चीप, आम्ही नेसवलेली इनएक्स्पेन्सिव्ह. स्लिम आणि स्किनी: त्या तरुणपणी स्लिम होत्या, मी स्किनी आहे. हिअर आणि लिसनची पाळी आली तेव्हा मी म्हटलं होतं, आईंचं सगळं मी हिअर करते. त्यांनी बरोबर धरलं. बाई दुष्ट होत्या, पण इंग्रजी पक्कं होतं. जी चुकेल तिने रात्री पाहुण्यांची भांडी घासायची.

त्या दिवशी मात्र भांड्यांवर भागणार नव्हतं. लांज्याच्या एका काजू कारखान्यातून धाकटीला मुलाखतीला बोलावलं होतं. ऑफिसात बसून परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम, शिवाय राहायला खोली. मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती. तिचे दाखले आणि मार्कशीट सासूबाईंच्या लोखंडी कपाटात आणि किल्ली त्यांच्या कमरेला. तिने सकाळी दाखले मागितले, तर त्या म्हणाल्या, आज रातांबे संपेपर्यंत एकही जोडी चुकली नाहीस तर देईन.

तिला का जायचं होतं ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. माझे धाकटे दीर मुंबईला नोकरीला गेले आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसले. घरचे फोन उचलणं बंद केलं. लागोपाठ दोन गणपतींना आले नाहीत. आमच्याकडे माणूस आईचं आजारपण चुकवेल, सख्ख्या बहिणीच्या पोराचं बारसं चुकवेल, पण गणपती चुकवत नाही. दुसऱ्या वर्षी आरतीला आलेल्या बायका धाकटीकडे बघायचं टाळत होत्या. सासूबाई सगळ्यांना सांगत, त्याला रजा मिळत नाही. आणि हिचा पायगुणच असा की पोरगा घर विसरला, हे तिला ऐकू जाईल अशा बेताने सांगत.

धाकटी तयारीनिशी बसली होती. बॉरो आणि लेंड सांगितलं. वेट आणि एक्स्पेक्ट सांगितलं. अलोन आणि लोनली आलं तेव्हा दोन्ही वाक्यं तिने स्वतःवरच केली, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहिली नाही. टोपलीत पाच-सहा रातांबे उरले असतील. सासूबाईंनी चाकू पुसला.

"लीव्ह आणि अबँडन. माझ्या मुलाने तुला काय केलं ते सांग."

अबँडन म्हणाली तर नवऱ्याला नावं ठेवली म्हणून दाखले मिळणार नव्हते. लीव्ह म्हणाली तर वाक्य खरं नाही म्हणून मिळणार नव्हते. सासूबाईंना ते कळत होतं, मला कळत होतं, आणि धाकटीलाही कळायला वेळ लागला नाही.

"लीव्ह म्हणजे निघून जाणं," ती म्हणाली. "अबँडन म्हणजे ज्याला आपल्याशिवाय कोणी नाही, त्याला टाकून जाणं. मला त्यांनी लीव्ह केलं. मला हातपाय आहेत. अबँडन तुम्हाला केलं, आई."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी शाळेतल्या बाईंचा आवाज काढला.

"चूक. मोठे, तू सांग गो."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तुझा नवरा बोटीवर असतो ना? पुढचं वाक्य तुझ्यावर करू?"

करा म्हटलं. त्यांनी केलं नाही. उरलेले रातांबे आम्ही फोडून संपवले. दाखले मिळाले नाहीत. रात्री भांडी धाकटीने घासली.

तिच्यावर माझा जीव होता अशातला भाग नाही. तिच्या हातची आमटी पातळ आणि मासे करपलेले. पण दोन हात होते, आणि ती गेली तर ऐन सीझनला सगळं माझ्यावर येणार होतं. तरी बरोबर उत्तराला चूक म्हणणं मला पटलं नाही. शिवाय माझ्या नवऱ्याला मध्ये आणायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्यांच्या चादरी कपाटातून काढायला मी रोजच्यासारखी किल्ली मागितली. सासूबाईंनी अंथरुणातूनच दिली. चादरींबरोबर धाकटीच्या दाखल्यांची फाइल काढली आणि तिला स्कूटरवर बसवून एसटी स्टँडवर सोडलं. ती रडायला लागली. मी म्हटलं, डोळे लाल करून मुलाखतीला जाऊ नकोस. आणि हेही सांगून टाकलं की तुझी खोली मी आजपासून पाहुण्यांना देणार आहे, तेव्हा तिकडे नीट बोल. गाडी सुटेपर्यंत थांबले नाही.

घरी आले तर सासूबाई पलंगावर चहाची वाट बघत बसल्या होत्या. धाकटीने चहा का आणला नाही, विचारलं. ती लांज्याला गेली, मी सांगितलं, आणि यापुढे चहा स्वयंपाकघरात येऊन घ्यायचा, मला पाहुण्यांचा नाश्ता आहे.  त्या भिंतीला धरून उठल्या. गुडघे दुखत होते, दिसत होतं. मी जाऊन घावणे घालायला घेतले.