जिला लेक आणता आली

इंग्लंडमध्ये, लीड्सच्या एका केअर होममध्ये आम्ही दोघी म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या केअरर आहोत. ती माझ्या आधी आली, म्हणून तिला लेक सोबत आणता आली. मी येईपर्यंत व्हिसाचा नियम बदलला, केअररना मुलं सोबत आणायला बंदी आली आणि माझी मुलगी नाशिकला आईकडे राहिली.

ती प्रत्येक वाक्य "ऐक ना"ने सुरू करते, गोऱ्या आजोबांनाही मराठीतच दटावते. मला ती आवडते. पण शाळा सुटून तिची लेक दारात आली, की मी काहीतरी काम काढून आत जाते.

काल लेक धावत येऊन तिला बिलगली. तिने लेकीच्या केसांतून हात फिरवला, तेवढ्यात मी दिसले, आणि तिने चटकन हात काढला.

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. ऐक ना, मावशीला हॅलो म्हण."

तो हात तिने तसाच ठेवला असता, तर तिचा हेवा करणं मला सोपं गेलं असतं.