डाव्या पिळाची गोगलगाय

आमच्या गावात रोहिदासला ‘शिंपल्या’ म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. गावातली निम्मी टोपणनावं माझीच आहेत आणि एकही अजून कुणी बदललेलं नाही.

चाकणच्या एका मोठ्या गाडी-कंपनीत तो तपासनीस. आलेला प्रत्येक भाग उजेडात धरायचा, माप घ्यायचं, पास की नापास ते लिहायचं. नऊ वर्षं कंत्राटावर. घरी आला की हेच काम पुन्हा, फक्त मालाला गिऱ्हाईक कुणी नाही. भामा नदीच्या वाळूतले शिंपले, कांद्याच्या बांधावरची गोगलगायींची रिकामी कवचं, गोंधळ्याच्या माळेतून सुटलेल्या कवड्या, देवळातला टवका उडालेला शंख. बायकोच्या ब्लाउजपीसचं काळं मखमल खाली अंथरायचं, बॅटरीवर दुधाची रिकामी पिशवी ताणायची म्हणजे उजेड मऊ पडतो, शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी ठेवायची आणि प्रत्येक कवचाचे पाच बाजूंनी पाच फोटो. पट्टीशिवाय फोटो म्हणजे त्याच्या लेखी नापास माल.

“अरे, लग्नाचे फोटो काढ, दोन जेवणं तरी मिळतील,” मी म्हणायचो. “शिंपल्याला काय सोयरीक शोधतोस?”

“तात्या, दोन शिंपले सारखे दाखवा, सोडतो नाद.”

मी एकदा ईर्षेने अख्खी सकाळ नदीत घालवली. सापडले नाहीत. ते जाऊ द्या.

त्याचा खरा शोध निराळाच होता. गोगलगायीचं कवच टोक वर करून धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंड उजव्या हाताला येतं. नेहमी. पण हजारोंत एखादी उलट्या पिळाची निघते, तिचं तोंड डावीकडे. नऊ वर्षं तो तिच्या मागावर होता. तेजस्विनी, त्याची बायको, म्हणायची, “माझ्या कानातलं हरवलं तेव्हा असं शोधलं न्हाई.”

यंदा एक सप्टेंबरला कंपनी दहा कंत्राटी माणसांना कायम करणार होती आणि यादीत रोहिदासचं नाव आहे असं सुपरवायझरने त्याला कानात सांगितलं होतं. तेजस्विनीने पेढ्यांची ऑर्डरसुद्धा देऊन ठेवली होती. आणि नेमकं त्याच सुमारास, एका रविवारी, चाकण चौकातल्या चहाच्या टपरीवर माझी जीभ सुटली.

“आमचा रोहिदास म्हणजे काय, कंपनीतसुद्धा चोरून फोटो काढत असेल!”

लोक हसले. मागच्या बाकावर एक माणूस हसला नाही. ते मारुतराव, त्याच कंपनीच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ही सबब नाही, नुसतं सांगतोय.

त्या कंपनीचा शिरस्ता असा: आत जाताना गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतात. सोलला की खाली पांढरी जाळी उमटते, ती पुन्हा जात नाही. बाहेर पडताना स्टिकर तपासतात. नऊ वर्षांत रोहिदासच्या स्टिकरला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

सत्तावीस ऑगस्टला जेवणाच्या सुट्टीत तो नव्या शेडमागे डबा धुवायला गेला. सकाळपासून भुरभुर चालू. कुंपणाच्या ओल्या भिंतीवर एक तपकिरी गोगलगाय चढत होती. तो बघत राहिला. मान वाकडी केली. तोंड डावीकडे!

जिवंत गोगलगाय तो उचलत नाही, हा त्याचा नेम. उरला फोटो. त्याने नखाने स्टिकर सोलला. एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. पण हा तपासनीस! खिशातली पट्टी काढून भिंतीला लावली, मगच भिंतीला गाल टेकवून कडेने फोटो घेतला.

साडेतीनला गेटवर मारुतरावांनी त्याचा फोन नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. जाळी लख्ख उमटलेली.

“ह्ये काय रं?”

“मारुतराव, सांगतो...”

“मला नगं. साहेबाला सांग.”

सुजितसाहेब म्हणजे सुरक्षेचे अधिकारी, वय तिशीचं, आवाज पन्नाशीचा. पुढचं मला रोहिदास आणि मारुतराव दोघांनीही सांगितलं आणि दोघांच्या हकिगतीत फरक फक्त घामाचा आहे. मारुतराव म्हणतात याचा शर्ट भिजला होता, रोहिदास म्हणतो तो पाऊस होता.

साहेबांनी फोटो उघडला. मग आधीचे उघडले. शिंपला, पट्टी. कवडी, पट्टी. कवच, पट्टी, खाली तारीख आणि दशांशापर्यंत माप.

“ही मापं कुणाला पाठवतोस?”

“कुणालाच न्हाई, साहेब. माझ्यासाठी.”

“गोगलगायीची मापं? मला शेंड्या लावतोस?”

मग साहेबांनी आजचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. गोगलगाय कडेला सरकली आणि मागचं पुढे आलं. शेडच्या मागच्या दाराशी करड्या कापडाखाली झाकलेली नवी गाडी, अजून जगाने न पाहिलेली. वाऱ्याने कापडाचा कोपरा उचलला होता. खाली पुढचा दिवा स्वच्छ दिसत होता, आणि त्याच फोटोत मापाची पट्टी.

“हा दिवा?”

“आत्ता बघतोय, साहेब. मी गोगलगाय बघत होतो.”

साहेब फोन लावायला बाहेर गेले. दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चिकटपट्टीने जोडलेला होता, हे रोहिदासला अजून आठवतं. मारुतराव दाराशी उभे. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

साहेब परतले. “ऐक. स्वतःच्या हाताने फोटो काढून टाकायचा, कचऱ्याच्या कप्प्यातूनही. माफीनामा लिहायचा. मग मी लिहितो, हेतू वाईट नव्हता. नाहीतर फोन जप्त, पास जप्त, आणि पुढचं पोलीस बघतील.”

“मागचं कापतो, साहेब. नुसती गोगलगाय ठेवतो. नखाएवढी.”

“नाही.”

“नऊ वर्षं शोधतोय हो.”

“आणि नोकरी किती वर्षं शोधली होतीस?”

रोहिदासचा अंगठा काचेवर थांबला. मारुतराव म्हणतात, मिनिटभर तरी. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. “अरं दाब की! पोरगी हाय तुला शाळंत. किड्यासाठी घर बुडवतो व्हय?”

तेव्हा रोहिदासने फोन त्यांच्यापुढे धरला. “मारुतराव, आधी तुमी बघा. टोक वर. तोंड कुणीकडं?”

“...डावीकडं.”

“साहेब, तुम्ही?”

साहेबांनी नको नको म्हणत पाहिलं. “डावीकडे. बरं मग?”

“बास. दोन साक्षीदार झाले.” आणि त्याने दाबलं. कप्प्यातूनही.

एक तारखेला फलकावर यादी लागली. नावं नऊच होती. रोहिदासचा पास शाबूत राहिला, पण कायम करण्याचा विचार सहा महिन्यांनी. शेडमागे जायला त्याला बंदी. पेढे तेजस्विनीने रद्द केले नाहीत, शेजारच्या सगुणाबाईंच्या नातवाच्या बारशाला देऊन टाकले.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. टपरीवरचं बोलणं कुणाचं, हे तोवर गावभर झालं होतं. गाव माझ्याच हाताखाली तयार झालेलं. तेजस्विनी दारात उभी होती.

“तात्या, चहा घ्या. पण बोलू नका.”

मी चहा घेतला. बोललो नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा.

आता गंमत ऐका. शेडमागची फेरी मारुतरावांची असते, दिवसातून चार वेळा. पाऊस सरला, गोगलगायी मेल्या, भिंतीखाली रिकामी कवचं पडली. दिवाळीआधी एका सकाळी त्यांनी रोहिदासच्या फोनवर लाल स्टिकर चिकटवला आणि फोनबरोबर तंबाखूची डबी पुढे सरकवली. आत एक कवच.

“हीच का?”

रोहिदासने टोक वर धरलं. “न्हाई, मारुतराव. ही उजवी.”

“हात् तिच्या!”

परवापर्यंत एकवीस झाली. सगळी उजवी. रोहिदास प्रत्येकाचे पाच फोटो काढतो, खाली तारीख, माप, आणि ‘मारुतरावांकडून’. मीही रोज सकाळी कंपनीच्या कुंपणाला बाहेरून वळसा घालतो. पावसाचं पाणी भिंतीखालून इकडेच वाहतं ना, एखादं कवच सोबत आलंही असेल. कुणी विचारलं तर सांगतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.