पल्लवीला कोण उचलणार

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. म्हणाले, "ताई, रोटेटर कफ फाटलाय. आता वजन उचलणं बिलकुल बंद."

रोटेटर कफ म्हणजे खांदा धरून ठेवणारे, फिरवणारे स्नायूंचे दोर. माझे त्यातले दोन तुटले होते.

मी नवऱ्याकडं पाहिलं. ते खाली बघत होते. आमची पल्लवी एकोणीस वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या पायांत जोर न्हाई. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, दिवसातून आठ-दहा वेळा मीच तिला उचलायचे. नवरा एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत, सकाळी गेले की संध्याकाळी येणार.

आधी वेणी घालताना हात वर जाईना. चार महिने मलम चोळलं. अशी चूक तुम्ही करू नका. मंग एक दिवस पल्लवीला उचलताना खांद्यात कट्कन वाजलं. तिला पडू दिलं न्हाई, पण नवरा घरी येईपर्यंत दोघी न्हाणीच्या फरशीवर बसून राहिलो.

डॉक्टरांनी उपाय समजावले. व्यायाम आणि इंजेक्शन घेतलं तर दुखणं कमी होईल, पण फाटलेलं जुळणार न्हाई. दुसरा, आर्थ्रोस्कोपी. म्हणजे बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून दोर हाडाला परत शिवायचे. त्यानंतर दीड महिना हात झोळीत. आणि शिवलेलं टिकलं न्हाई, तर रिव्हर्स रिप्लेसमेंट. त्यात सांध्याचा गोळा आणि वाटी उलट्या जागी बसवतात. हात वर जातो, दुखणंही थांबतं.

"यातल्या कशानं मला पोरीला उचलता येईल?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "कशानंच नाही. खांद्याचा इलाज मी करतो. मुलीची सोय तुम्हाला वेगळी बघावी लागेल."

तिच्या आधी मी गेले तर तिचं काय, ही काळजी जुनीच होती. जिवंत असून तिच्या कामाची न उरणं मला नवीन होतं. परत येताना रिक्षात वाटलं, आम्ही दोघी एकदमच गेलो तर बरं. हे तेव्हा कुणाला बोलले न्हाई. तुम्हाला असं वाटलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

मी दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं. परतूरहून जाऊबाई आल्या. पहिले पंधरा दिवस मी खुर्चीत बसूनच झोपले, आडवं झालं की खांदा पेटायचा. पल्लवी पलंगावरून बघत राहायची. एकदा म्हणाली, "आई, माझ्यामुळंच झालं ना हे?" खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी पल्लवीसाठी एक गुळगुळीत फळी करून घ्यायला सांगितली. एक टोक पलंगावर, दुसरं खुर्चीवर. हातांच्या जोरावर सरकायचं. पहिल्या दिवशी तिला अर्धा तास लागला. दोनदा रडली. जाऊबाई पुढं झाल्या तर त्यांना म्हणाली, "काकू, थांबा." माझा हात झोळीत होता. मोकळा असता तर मी तिला नक्की उचललं असतं.

आता आठ महिने झाले. हात खांद्याइतका वर जातो, त्याच्या वर न्हाई. शिवण टिकेल का, डॉक्टर खात्री देत न्हाईत. न्हाणीसाठी अजून माणूस लागतं. जाऊबाई पंधरा दिवस राहतात, मंग आम्ही दुसरं कुणी शोधतो.

पल्लवी सरकते तेव्हा माझ्यानं बघवत न्हाई. मी भिंतीकडं तोंड करते.

"आई, इकडं बघ ना," ती म्हणते.

मंग मी बघते.