उजव्या हाताची ओळख

अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचा उजवा हात हळूहळू हलू लागला, पण त्या हातात काय दिलंय ते तिला कळेना. डोळे मिटायला सांगून चावी दिली तरी ती गोंधळायची. "कायतरी आसा. काय ता माका कळना नाय."

मी नोकरीसाठी सावंतवाडीला असते. रजा काढून तळेऱ्याला माहेरी आले होते. आईचं सगळं वहिनीच करायची. व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हां दोघींना समजावलं, "कातडीला स्पर्श होतोय, नसांमधून निरोप वर जातोय. पण त्याचा अर्थ मेंदूला लागत नाही. ओळखीच्या वस्तू हातात देत राहा. तो पुन्हा शिकेल."

मग त्यांनी आईच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि वहिनीला खुणेनेच तिचा हात धरायला लावला. आई लगेच म्हणाली, "हो सुनेचो."

नंतर मी धरला. आईने माझी बोटं चाचपली, अंगठा दाबून पाहिला.

"हो तुमचो काय, बाई?"

वहिनी हसली. काजू सोलून सोलून खरखरीत झालेला तिचा हात कोणीही ओळखेल, असं मी मनात म्हटलं. तरी ते मनातून जाईना. पोटची मुलगी मी, आणि माझा हात ठरला बाईंचा!

दुसऱ्या दिवसापासून तेल लावणं, वेणी घालणं, भरवणं मी माझ्याकडे घेतलं. वहिनी पुढे आली की म्हणायचे, "रवांदे, मी आसंय ना." एकदा तर रुमाल बांधून, वहिनी धरते तसा मनगटाशी घट्ट हात धरला.

"सुनबाय, तू काय गो?" आईने विचारलं. मी हात तसाच धरून ठेवला.

वहिनी दारातून बघत होती. "वन्सं, हातसुद्धा माझोच व्हयो तुमका?" ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

रजा संपत आली तेव्हा पुन्हा रुमाल बांधून मी माझ्या पद्धतीने आईचा हात हातात घेतला. ती बराच वेळ चाचपत राहिली.

"हो तुझो गो, चेडवा. ह्या हाताक बसाक फुरसत नसता."

मला रडूच आलं. तिने रुमाल वर सरकवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता तिका हाक मार. माका उठाचा आसा."

"मी उठवतंय ना."

"तुका जमाचा नाय."

मी हाक मारली. वहिनीने येऊन आईच्या काखेत हात घातला, आणि दोघी एकमेकींच्या अंदाजाने पावलं टाकत पडवीत गेल्या.